वहीला नियम हवेत

प्रिय पोरी,

तुझं पत्र सोमवारी मिळालं, वहीच्या तीन पानांचे फोटोही पाहिले. ओसरीवरच्या पुस्तकांपेक्षा, बाहेर तू माहिती लिहितेस त्या फळ्यापुढं जास्त माणसं थांबतात, हे वाचून फार बरं वाटलं. आता तू विचारतेस, फळ्याखालच्या अभिप्राय वहीला नियम लावू का? लावले तर लोक म्हणतील, पोरगी फार शहाणी झाली. म्हणू दे. फळा तुझा, वही तुझ्या पैशाची. पण नियम कुणासाठी लावतेस, हे आधी मनाशी पक्कं कर.

माझं सांगतो. गावच्या वाचनालयाचं काम मी पाहायचो तेव्हा तिथल्या वहीला एकही नियम नव्हता, आणि मला त्याचा अभिमान होता. वडिलांचं तरुणपण निजामाच्या राज्यात गेलं. गश्ती निशाण ५३ या निजाम सरकारच्या परिपत्रकामुळं साधी सभा घ्यायची तरी आधी सरकारची परवानगी काढावी लागे, हे ते जेवताना कितीदा तरी सांगायचे. त्यामुळं बोलण्यावर बंधन म्हटलं की मला नकोच वाटायचं.

मग १९९४ चा जानेवारी आला. १४ तारखेला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्याच्या नावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आलं. त्यांचं नाव देण्याचा विधिमंडळाचा ठराव २७ जुलै १९७८ चा. मधल्या साडेपंधरा वर्षांत मराठवाड्यात घरं जळाली, माणसं गेली. त्या आठवड्यात वहीत कुणीतरी जातीवरून एक ओळ लिहिली. खाली नाव नाही. मी ती वाचली आणि तशीच राहू दिली. मत आहे, असू दे, म्हटलं. बारावीतला एक मुलगा रोज संध्याकाळी पेपर वाचायला यायचा आणि जाताना वहीत दोन ओळी लिहायचा. त्यानं ते पान उघडलं. बोट त्या ओळीखाली ठेवून थोडा वेळ उभा राहिला. वही मिटली, सुतळीला बांधलेला पेन खिळ्याला अडकवला आणि गेला. परत आला नाही. आपण कुणाचं तोंड बंद करत नाही, या समजुतीत मी होतो, आणि माझ्या डोळ्यांदेखत एकाचं बंद झालं. मी त्याच्या घरीसुद्धा गेलो नाही. त्याची टोचणी अजून आहे.

म्हणून तुझा पहिला नियम त्या मुलासाठी असू दे. ‘असभ्य भाषा वापरू नये’ असलं सरकारी पाटीसारखं लिहू नकोस, ते कुणी वाचत नाही. वहीच्या पहिल्या पानावर आपल्या बोलीत लिही: विषयावर कितीही भांडा, माणसाची जात, घरदार, बाईपण, अंगातलं व्यंग यावर इथं लिहायचं नाही. शिवीगाळीचं वेगळं सांगायची गरज नाही, ती यातच येते.

नावाचं मात्र जरा विचारानं घे. सगळ्यांनी नाव लिहायचंच, असं केलंस तर आडतीवर रोजानं जाणारा हमाल लिहिणार नाही, कुणाची सून लिहिणार नाही. विषयावर लिहिणाऱ्यानं नाव नाही दिलं तरी चालेल. माणसावर आरोप करायचा तर नाव हवंच. मला हीच वाटणी न्यायाची वाटते.

तुझ्या दुसऱ्या फोटोतला तो रागावलेला अभिप्राय मी दोनदा वाचला. सोयाबीनच्या सरकारी खरेदीला ओलावा १२ टक्क्यांच्या आतच लागतो, असं तू फळ्यावर लिहिलंस. त्यानं खाली खरडलं, ‘अर्धवट माहितीवर लिहू नये, २०२४ च्या हंगामात १५ टक्क्यांपर्यंत सूट दिली होती.’ त्याची भाषा कडू आहे, पण तो बरोबर आहे. केंद्रानं त्या खरिपापुरती ती सूट दिली होती; हमीभाव तेव्हा ४,८९२ रुपये क्विंटल होता. हे पान झाकायचा विचार तुझ्या मनात आला, हे तू प्रामाणिकपणे कळवलंस. झाकू नकोस. येत्या बाजारच्या दिवशी तीच दुरुस्ती फळ्यावर लिही, मूळ मजकुराएवढ्याच मोठ्या अक्षरात. चूक फळ्यावर आणि दुरुस्ती वहीच्या कोपऱ्यात, असं होता कामा नये. आपल्याला टोचतं ते आणि नियमात बसत नाही ते, यातला फरक तुला दर आठवड्याला करावा लागेल. त्यात मी काही मदत करू शकत नाही.

पान फाडायचं नाही, कधीच. शिवणीच्या वहीचं एक पान ओढलं की पलीकडचं जोडपानही सुटतं, आणि त्यावर दुसऱ्याच कुणीतरी मन लावून लिहिलेलं असतं. शिवाय फाटलेल्या जागेवर काय होतं, याच्या गावभर दहा कहाण्या होतात. ओळीवर कोऱ्या कागदाची पट्टी चिकटव. पट्टीवर कुठल्या नियमानं झाकलं ते लिही, तारीख टाक, सही कर.

तिसऱ्या फोटोत तुझ्या चुलत भावानं शाळेतल्या बाईंच्या चालण्यावर लिहिलंय. ‘तो गमतीनं लिहितो’ असं तू म्हणतेस. बाईंना गंमत वाटली का, हे तू विचारलेलं नाहीस. नियम लावशील त्या दिवशी पहिली पट्टी त्या ओळीवर पडू दे, आणि त्यालाच बोलावून त्याच्या हातानं चिकटवून घे. मैद्याची खळ कर. बाटलीतला डिंक पातळ असला तर मागच्या पानावर डाग उतरतो.

वही भरली की मला पाहायला पाठव.

गुरुजी