वाचकांचे प्रश्न : एसीच्या बटणांवर उसाचा रस

प्रश्न : वर्धा रोडवरच्या रसवंतीतून निघालो होतो. अचानक ब्रेक मारावा लागला आणि शेजारच्या सीटवरून जवळजवळ ग्लासभर उसाचा रस एसीच्या पॅनलवर आणि हॅझर्डच्या (चारही इंडिकेटर एकदम लावायच्या) बटणावर उडाला. ओल्या फडक्याने लगेच पुसलं. त्या दिवशी सगळं नीट चाललं, पण आता चार दिवसांनी एसीचा नॉब अडकत फिरतो आणि हॅझर्डचं बटण दाबलं की वर येत नाही. शेजारी म्हणतात, गंज सोडवायचा तेलाचा स्प्रे मारा, मोकळं होईल. मारू का?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : नका मारू. बटण साखरेने धरलंय, आणि साखर तेलात विरघळत नाही. स्प्रेने बटण दोन दिवस हलेल, मग त्याच तेलावर धूळ बसून आत काळा लगदा तयार होईल. तो काढणं साखर काढण्यापेक्षा कठीण.

मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलबद्दलही हीच चूक होते. साखर त्यातही जवळपास विरघळत नाही. थेट अल्कोहोलने पुसलं तर ती बटणामागच्या सर्किट बोर्डावर पांढरी होऊन तशीच बसते. अल्कोहोलचं काम नंतरचं आहे : उरलेलं पाणी सोबत घेऊन पटकन उडून जाणं. म्हणून क्रम पक्का ठेवा, आधी पाणी, मग अल्कोहोल. इलेक्ट्रिकच्या भागाला पाणी लावायचं म्हटलं की छातीत धस्स होतं, पण करंट तोडलेल्या बोर्डाला स्वच्छ पाण्याने काही होत नाही. बोर्ड खराब होतो तो करंट चालू असताना वर ओला रस राहिल्याने. रसात लिंबू आणि काळं मीठ असतं, त्यामुळे तो चांगलाच वीजवाहक होतो. दोन तांब्याच्या रेषांमधून करंट गळतो, तांबं खाल्लं जातं आणि हिरवट भुकटी दिसू लागते.

हॅझर्डच्या स्विचला करंट थेट बॅटरीवरून येतो, किल्ली काढली तरी. त्यामुळे नुसती गाडी बंद करून भागणार नाही. काच खाली करा, किल्ली गाडीबाहेर ठेवा आणि 10 नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. बहुतेक गाड्यांना हाच पाना लागतो. एअरबॅगच्या यंत्रणेत काही काळ करंट साठून राहतो, म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेली वेळ थांबा, ती दिली नसेल तर किमान 3 मिनिटं. पिवळ्या रंगाचे कपलर (वायरी जोडणारे प्लास्टिकचे जोड) एअरबॅगचे असतात. ते काढू नका आणि त्यांना मल्टिमीटर लावू नका.

सामान थोडंच लागेल : बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर अर्धा लिटर, 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल 100 मिली (नागपुरात सीताबर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत विचारा), मऊ टूथब्रश, इअरबडचं (कापसाच्या काड्यांचं) पाकीट, पॅनल उचकटायची प्लास्टिकची पट्टी आणि मास्किंग टेप. नळाचं पाणी टाळा, त्यातले क्षार बोर्डावर मागे राहतात. हँड सॅनिटायझरही नको. त्यात ग्लिसरीन असतं आणि ते पुन्हा चिकटतं.

नॉब सरळ बाहेर ओढून निघतो. तो वाकडा करून ओढला तर आतला दांडा मोडतो. पॅनलच्या कडेला टेप लावा, पट्टी खाली सरकवा आणि क्लिप एकेक करून सोडवा. उन्हात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, त्यामुळे एकाच कोपऱ्यात जोर लावू नका. कपलर काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. लॉकची जीभ दाबून कपलर धरूनच ओढायचा, वायर धरून नाही. जुन्या पद्धतीच्या एसीत नॉबमागे केबल असते. तिथे बहुधा फक्त नॉबचा दांडा चिकटलेला असतो, बोर्डापर्यंत जायची वेळच येत नाही.

स्विचचं कव्हर उघडलं की आत बघा. रस बटणाच्या कडेने खाली उतरलेला दिसेल, मधासारखी पिवळसर, चकचकीत रेष. ती टोचली की नख चिकटतं. इथे घाई करू नका. डिस्टिल्ड वॉटर कोमट करा, ब्रश बुडवून रेषेवर फिरवा, मिनिटभर भिजू द्या, टिपा. असं तीनदा करा. शेवटच्या वेळी टिपलेला कापूस वाळवून बोटांनी दाबून पाहा. चिकटला तर साखर अजून आहे. कापूस कोरडा राहिला की मग अल्कोहोलने दोनदा धुवा. पॅनलमध्ये आकडे दाखवणारा डिस्प्ले असेल तर तो बुडवायचा नाही, त्याच्या कडेकडेनेच ओल्या इअरबडने काम करा.

हे सगळं सावलीत, मोकळ्या हवेत. आयसोप्रोपिलची वाफ साधारण 12 अंशांच्या वरच पेट घेऊ शकते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. बंद गॅरेज, सिगारेट, पेटती उदबत्ती, काहीही जवळ नको. वाळवायला 24 तास द्या. सुटे भाग उन्हात ठेवले की लवकर वाळतात खरे, पण पातळ प्लास्टिक वाकतं आणि परत बसवताना क्लिप जुळत नाहीत. पेट्रोल पंपावरची टायरची हवाही मारू नका. तिच्यात कॉम्प्रेसरचं पाणी आणि तेल असू शकतं.

सगळं बसवून झालं की निगेटिव्ह वायर शेवटी जोडा. घड्याळ आणि काचेचं ऑटो-अप पुन्हा सेट करावं लागेल. ऑटो-अपसाठी बहुतेक गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद ओढून धरतात, नेमकी पद्धत मॅन्युअलमध्ये असते. हॅझर्ड लागलाच नाही तर फ्यूज बघा. जळला असेल तर त्याच अँपिअरचा घाला. 10 च्या जागी 20 चा घातला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल.

पॅनल उघडायची हिंमत नसेल किंवा गाडी वॉरंटीत असेल तर निदान एवढं करा. बॅटरी सोडवा, कोमट पाण्यात बुडवून पिळलेला इअरबड बटणाच्या कडेने फिरवा, बटण वीस-तीसदा दाबा, नवा इअरबड घ्या. दहा-बारा इअरबड लागतील. रस कडेलाच अडकला असेल तर एवढ्याने काम होतं. फटीत पाणी ओतू मात्र नका. साखर विरघळून आत बोर्डावर जाईल आणि तुम्हाला दिसणारही नाही.

प्रश्न : उन्हाळ्यात ड्रायव्हरच्या दारातल्या काचेच्या स्विचवर मोसंबीचा ज्यूस सांडला होता. तेव्हा काहीच झालं नाही. आता पाऊस सुरू झाल्यापासून मागची काच कधी कधी आपोआप खाली येते. पाणी शिरलं असेल का?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : पाणी शिरलं असू शकतं, पण पहिला संशय त्या ज्यूसवरच घ्या. फळांच्या रसातली साखर हवेतला ओलावा ओढते. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, हवा इतकी कोरडी असते की थर कडक होऊन पापडीसारखा पडून राहतो आणि त्यातून करंट जात नाही. पाऊस लागला की तीच पापडी ओलसर होते आणि स्विचला कोणी हात न लावता त्याचे दोन बिंदू जोडले जातात. म्हणूनच मे महिन्यात सांडलेल्या रसाची तक्रार जुलैत येते.

मूल मागे बसत असेल तर स्विच साफ होईपर्यंत त्या काचेचा कपलर किंवा फ्यूज काढून ठेवा. आपोआप खाली येणारी काच आपोआप वरही जाऊ शकते.

साफ करायची पद्धत वरचीच. फरक आहे तो स्विचच्या आत. अनेक गाड्यांत एक रबरी गादी असते आणि तिच्या पोटाला छोट्या काळ्या टिकल्या. या टिकल्या कार्बनच्या असतात, खरवडू नका. कोमट पाण्यात गादी हलवून काढा, सावलीत वाळवा, टिकल्यांना अल्कोहोलही लावू नका. बोर्डावरच्या बिंदूंवर हिरवट डाग असेल तर पेन्सिलच्या खोडरबरने अगदी हलक्या हाताने पुसा. बसवण्याआधी मल्टिमीटर ओहमवर ठेवा. बटण सुटं असताना वाचन काहीच यायला नको. काही किलो-ओहम दाखवत असेल तर साखर अजून आत आहे, पुन्हा धुवा. तांब्याची रेषच तुटलेली दिसली तर स्विच बदला. काचेच्या स्विचमध्ये डागडुजी करून दिवस काढणं धोक्याचं.

प्रश्न : ऑटोमॅटिक गाडी. गिअरच्या बुडाशी दुधाचा चहा सांडला. दोन दिवस झाले, वास येतोय आणि आज सकाळी लिव्हर पीमधून (पार्कमधून) निघतच नव्हती.
— एक वाचक, सदर

उत्तर : बऱ्याच गाड्यांत लिव्हरच्या बाजूला एक छोटं झाकण असतं. हँडब्रेक ओढा, ब्रेक दाबून ठेवा, झाकणाखालची खाच किल्लीने दाबा, लिव्हर सुटेल. जागा मॅन्युअलमध्ये दाखवलेली असते. हा उपाय फक्त गाडी गॅरेजपर्यंत नेण्यासाठी आहे.

इथे कन्सोल (दोन सीटमधला लिव्हरभोवतीचा भाग) घरी पूर्ण खोलू नका, असं आम्ही स्पष्ट सांगतो. कित्येक गाड्यांत एअरबॅगचा कंट्रोल बॉक्स नेमका याच जागी, खालच्या पत्र्यावर बसवलेला असतो आणि चहा उताराने तिकडेच जातो. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा जळत असेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनला आधी तेच सांगा. घरी एवढं करता येईल : वरचं चामड्याचं किंवा रेक्झिनचं आवरण वर उचला आणि दिसणारे प्लास्टिकचे भाग पुसून घ्या. दुधाच्या चरबीला नुसतं पाणी पुरत नाही. पेलाभर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाका, फडकं पिळून वापरा, नंतर साध्या पाण्याच्या फडक्याने साबण काढा. वास तरीही राहिला तर चहा खालच्या कार्पेटमध्ये मुरलाय. कन्सोल खोलतील तेव्हा कार्पेटही उचलून धुवायला सांगा.

प्रश्न : टचस्क्रीनवर कोल्ड्रिंकचे थेंब वाळलेत. काच पुसायचा निळा स्प्रे चालेल?
— एक वाचक, महाल

उत्तर : नाही. अमोनिया असलेल्या स्प्रेने स्क्रीनवरचा चमक कमी करणारा थर ढगाळ होतो. स्क्रीन बंद करा, डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेलं मायक्रोफायबर थेंबांवर मिनिटभर ठेवा, मग न घासता उचला. स्पीडोमीटरच्या पारदर्शक कव्हरवरही हेच करा. तिथे अल्कोहोलही नको, त्या प्लास्टिकला बारीक भेगा पडतात.