इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना मान मिळाला तो नेहरूंची भाची म्हणूनच का?

नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. घराण्यानं त्यांना विषय दिले, ओळखी दिल्या, हे खरंच. पण त्यांच्या लेखणीला धार आली ती घरातलीच सत्ता चुकतेय हे दिसल्यावर.

जन्म १९२७ चा, अलाहाबादचा. आई विजयालक्ष्मी पंडित. म्हणजे नेहरू सख्खे मामा आणि इंदिरा गांधी मामेबहीण. वडिलांचं, रणजित सीताराम पंडितांचं नाव मात्र आपल्याकडेही क्वचितच निघतं, याची मला खंत वाटते. घराणं मूळचं कोकणातलं, माणूस संस्कृतचा गाढा अभ्यासक. कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’चं इंग्रजी भाषांतर त्यांनी केलं. तुरुंगात तब्येत ढासळली आणि १९४४ मध्ये ते गेले. लेखनाचा वारसा बघायचाच असेल तर तो असा वडिलांकडेही जातो.

पहिलं पुस्तक ‘प्रिझन अँड चॉकलेट केक’ (१९५४) आठवणींचं आहे. लहानगी नयनतारा बहिणींबरोबर चहाच्या वेळी चॉकलेट केक खात असते आणि पोलीस वडिलांना अटक करायला येतात. घरात रडारड नाही. तुरुंगात जाणं ही त्या घरात अभिमानाची गोष्ट होती, आणि हे त्या मुलीच्या नजरेतूनच आपल्याला कळतं.

पुढे १९७५ ला आणीबाणी आली. नयनतारांनी मामेबहिणीला उघड विरोध केला. १९७७ च्या निवडणुकीत विजयालक्ष्मीही भाचीच्या विरोधात प्रचाराला उतरल्या. ‘रिच लाइक अस’ (१९८५) ही कादंबरी याच काळावर आहे. तिच्यातली सोनाली ही सनदी अधिकारी शीतपेयाच्या एका संशयास्पद कारखान्याला परवानगी नाकारते आणि तिची उचलबांगडी होते. कुठे लाठीमार नाही, आरडाओरडा नाही. एक बदलीचा हुकूम येतो आणि भोवतालचे सगळे गप्प बसतात. आणीबाणी कार्यालयात कशी शिरली हे मी इतकं नेमकं दुसरीकडे वाचलेलं नाही. या कादंबरीला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी यांच्या हत्या आणि दादरीत गोमांसाच्या संशयावरून जमावानं घेतलेला बळी यांनंतर २०१५ मध्ये त्यांनी तो परत केला. तेव्हा ‘आणीबाणीत कुठे होतात?’ असं त्यांना विचारणाऱ्यांनी ही कादंबरी वाचलेली नसावी.

आणि यवतमाळ. जानेवारी २०१९ च्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाचं निमंत्रण त्यांना देऊन ऐनवेळी मागे घेतलं गेलं. कारण सांगितलं गेलं ते इंग्रजी लेखिकेला होणाऱ्या विरोधाचं. एका मराठी माणसाची नव्वदी ओलांडलेली लेक आपण दारातून परत पाठवली, असंच मला आजही वाटतं. संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांनी भाषणात याबद्दल नाराजी बोलून दाखवली, हे बरं झालं.

वाचायला सुरुवात ‘रिच लाइक अस’पासून करा. यवतमाळला न झालेलं त्यांचं भाषणही मराठीत आलेलं आहे, तेही मिळवून वाचा. त्यात त्यांनी वडिलांबद्दल लिहिलंय.