खरी श्रद्धा असेल तर देवाकडे तक्रार कशी?

बायबलच्या जुन्या करारात एकाच तोंडाने देवाची स्तुती आणि देवावरच आरोप कसे, आणि खरी श्रद्धा असती तर तक्रार उरली असती का, असं तुम्ही विचारलंय. मला वाटतं, तिथली तक्रार उभीच राहते ती स्तुतीच्या जोरावर.

तिथल्या स्तोत्रसंहितेतलं ८९वं स्तोत्र एका बैठकीत वाचा. पहिली ३७ वचनं गौरवाची आहेत: खवळलेल्या समुद्राला आवरणारा देव, दाविद राजाशी केलेला करार, त्याचं सिंहासन सूर्यासारखं टिकेल ही शपथ. ३८व्या वचनापासून सूर पालटतो. तूच त्याला टाकलंस, त्याचा मुकुट धुळीत मिळवलास, तट पाडलेस. पुढे थेट सवाल येतो: दाविदाला शपथ वाहून देऊ केलेली तुझी ती पूर्वीची दया गेली कुठे? आधी देवाने दिलेली वचनं इतकी सविस्तर गायली नसती, तर या आरोपात काही दमच राहिला नसता. फिर्यादीला जोडलेला पुरावा म्हणजे ती स्तुती.

त्याच्या आधीचं ८८वं स्तोत्र तर आणखी धीट आहे. मेलेले उठून तुझं स्तवन करणार आहेत का, असं तिथला माणूस देवाला विचारतो. म्हणजे स्तुतीच पणाला लावतो. आणि बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, तसं हे वळतही नाही. अंधारातच संपतं. तरीही ते संग्रहातून गाळलं गेलं नाही, याचं मला फार मोल वाटतं.

इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेम आणि तिथलं मंदिर उद्ध्वस्त केलं. विलापगीत हे पुस्तक त्या दुःखाचं. त्याच्या तिसऱ्या अध्यायात, अगदी मध्यावर, देवाची दया रोज सकाळी नवी होते असं येतं. पण शेवटचं वचन देवाने आपल्याला टाकलं तर नाही ना, या शंकेवर थांबतं. यहुदी पंचांगातल्या आव महिन्याच्या ९ तारखेच्या उपवासाला यहुदी लोक हे पुस्तक वाचतात, तेव्हा ते वचन झाल्यावर त्याच्या आधीचं 'आम्हाला परत आण' हे वचन पुन्हा म्हणतात. शंका पुसत नाहीत, तिच्यापुढे विनवणी ठेवतात.

आता श्रद्धेबद्दल. मुलं आणि संपत्ती गेल्यावर 'परमेश्वराचं नाव धन्य असो' म्हणणारा ईयोब पुढे स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाला जाब विचारतो. त्याचे मित्र मात्र सतत देवाची बाजू घेतात. ईयोबाच्या पुस्तकाच्या ४२व्या अध्यायात देव त्या मित्रांवर संतापतो: माझ्याविषयी माझा सेवक ईयोब योग्य ते बोलला, तुम्ही नाही. मग त्यांना होमबली घेऊन ईयोबाकडेच जायला सांगतो, कारण त्यांच्यासाठी प्रार्थना करायची आहे ती ईयोबाने.