'राइट' कप्पा डावीकडे कसा?

प्रश्न : आमची मुलगी पाच महिन्यांची आहे. खोकल्यासाठी एक्स-रे काढला, तेव्हा तिचं हृदय उजवीकडे असल्याचं कळलं. मग टूडी इको झाला. डॉक्टर आधी बराच वेळ तिचं पोटच बघत होते. रिपोर्टमध्ये 'सायटस सॉलिटस, डेक्स्ट्रोकार्डिया, एव्ही व व्हीए डिसकॉर्डन्स' असं आहे आणि पुढे 'राइट व्हेंट्रिकल डावीकडे' असं लिहिलंय. ही टायपिंगची चूक आहे का? सासूबाई म्हणतात, पोर दूध नीट पिते, निळी पडत नाही, मग कशाला घाबरायचं? – एक आई

उत्तर : ताई, टायपिंगची चूक नाही. व्हेंट्रिकल म्हणजे हृदयाचा खालचा कप्पा, आणि 'राइट' हे त्या कप्प्याचं नाव आहे, जागा नव्हे. आम्ही त्याला ओळखतो ते त्याच्या ठेवणीवरून. आतून खडबडीत, मधून स्नायूचा एक जाड पट्टा गेलेला, आणि त्याची झडप शेजारच्या झडपेपेक्षा हृदयाच्या टोकाच्या दिशेने किंचित खाली बसवलेली. हा कप्पा छातीत कुठेही सापडला तरी तो राइटच.

आता पोटाचं. हृदयाचे वरचे कप्पे सहसा पोटातल्या अवयवांच्या बाजू पाळतात. म्हणून इकोत आधी यकृत, जठर आणि मणक्याच्या दोन बाजूंच्या मोठ्या रक्तवाहिन्या बघतात. यकृत उजवीकडे, महाधमनी मणक्याच्या डावीकडे, महाशीर उजवीकडे, म्हणजे 'सायटस सॉलिटस', नेहमीची मांडणी. ते ठरलं की पुढे एकेक पायरी : वरचे कप्पे कोणते, ते खालच्या कुठल्या कप्प्यांत उघडतात, आणि खालच्यांतून कोणती धमनी निघते. रिचर्ड आणि स्टेला व्हॅन प्राग या डॉक्टर दांपत्याने सहकाऱ्यांसह १९६४ मध्ये उजवीकडच्या हृदयांचे प्रकार शरीररचनेवरून मांडले. आजची पद्धत त्याच वाटेने आली.

हृदय नुसतं उजवीकडे आहे, यावरून फार काही ठरत नाही. डावीकडे छातीत आतडी शिरली किंवा उजवं फुप्फुस लहान राहिलं, तरी हृदय उजवीकडे सरकतं, पण त्याचं टोक डावीकडेच वळलेलं असतं. पोटासकट सगळंच आरशातल्यासारखं उलटं असेल, तर हृदय बहुधा निरोगी निघतं. पोट सुलटं आणि हृदयाचं टोक मात्र उजवीकडे (तुमच्या रिपोर्टमधला 'डेक्स्ट्रोकार्डिया' तो हाच), अशा वेळी आतल्या जोडणीत दोष असण्याची शक्यता बरीच जास्त. (मी शिकाऊ असताना एकदा फिल्मच उलटी लावून एका बाळाला 'उजवं हृदय' बहाल केलं होतं. सरांनी काही न बोलता ती सुलटी केली आणि कोपऱ्यातल्या 'एल' खुणेवर बोट ठेवलं.)

तुमच्या रिपोर्टमधल्या 'एव्ही व व्हीए डिसकॉर्डन्स'चा अर्थ, जोडणी दोनदा चुकली आहे : एकदा वरच्या व खालच्या कप्प्यांमध्ये, एकदा खालचे कप्पे व धमन्यांमध्ये. वरचा उजवा कप्पा खालच्या 'लेफ्ट'मध्ये उघडतो आणि त्यातून फुप्फुसाची धमनी निघते. वरचा डावा उघडतो 'राइट'मध्ये, आणि त्यातून महाधमनी. दोन चुका एकमेकींना पुसतात. अशुद्ध रक्त फुप्फुसात जातं, शुद्ध रक्त शरीरात. म्हणूनच मुलगी निळी नाही. सासूबाईंचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष मात्र घाईचा. फुप्फुसापुरतं कमी दाबावर काम करण्यासाठी घडलेला राइट कप्पा आता सगळ्या शरीराला रक्त पुरवतोय. वर्षानुवर्षांनी तो थकू शकतो, त्याची झडप गळू शकते. शिवाय या हृदयात विजेचा संदेश नेणारी वाट आडवळणाची आणि नाजूक असते, त्यामुळे ठोके मंदावण्याचा धोका आयुष्यभर राहतो.

पत्रावरून उपचार सांगणं योग्य नाही. पण तुमच्या डॉक्टरांना चार गोष्टी विचारा : खालच्या कप्प्यांमध्ये छिद्र आहे का, फुप्फुसाच्या धमनीची वाट अरुंद आहे का, राइट कप्प्याची झडप किती गळते, आणि ठोके नियमित आहेत का. पहिली दोन उत्तरं 'नाही' असतील आणि गळती नसेल, तर बऱ्याचदा सध्या फक्त नियमित तपासण्या पुरतात. बाळ दूध पिताना घामाघूम व्हायला लागलं, धापा टाकू लागलं किंवा वजन वाढेनासं झालं, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

आणि ईसीजी काढताना तंत्रज्ञाला आधीच सांगा, छातीवरचे इलेक्ट्रोड उजव्या बाजूलाही लावून आलेख घ्यावा लागेल. हातापायांचे मात्र नेहमीच्या जागीच.