टीव्हीसाठी बनवलेले जुने हॉरर पिक्चर बघायचा छंद लावून घ्यायचाय, सुरुवात कुठून करू? आज ते बघण्यासारखे वाटतात का?

बघण्यासारखे आहेत का, यावर माझं आणि आमच्या साडूभाऊंचं कित्येक वर्षं वाजतंय. त्यांचं ठाम मत, टीव्हीसाठी काढलेला पिक्चर म्हणजे थेटरवाल्यांनी नाकारलेला माल. त्यामुळे तुमचा प्रश्न दिसला आणि राहवलं नाही.

मी मुख्यतः सत्तरच्या दशकातल्या अमेरिकेबद्दल बोलतोय. एबीसी चॅनेलवर १९६९ ते १९७५ 'मूव्ही ऑफ द वीक' चालायचं, दीड तासाचा स्लॉट, जाहिराती वजा केल्या की पिक्चर सत्तर-पंचाहत्तर मिनिटांचा. स्पीलबर्गचा 'ड्युएल' त्यातलाच, १३ नोव्हेंबर १९७१ ला टीव्हीवर आला, ७४ मिनिटांचा, आणि मग परदेशात थेटरात लावायचा म्हणून नवे सीन घालून ९० मिनिटांचा केला. म्हणजे टीव्हीवरून थेटरात गेला, उलटं नाही. हे सांगितलं की साडूभाऊ म्हणतात, तो स्पीलबर्ग होता म्हणून. अहो, तेव्हा तो चोविशीतला पोरगा होता, कोण ओळखत होतं त्याला!

एका दिवाळीत सगळे त्यांच्याकडे जमलो होतो, नवा मोठा टीव्ही आणलेला, तर मी 'ट्रिलॉजी ऑफ टेरर' लावला, १९७५ चा. तीन गोष्टी, तिन्हीत कॅरेन ब्लॅक, पण खरी तिसरी. बाई फ्लॅटमध्ये एकटी आणि तिने आणलेला लाकडी बाहुला जिवंत होतो, बास, एवढीच गोष्ट. पहिल्या दोन मी पळवल्या, त्या तशा बेताच्याच आहेत. तिसरी सुरू झाली आणि साडूभाऊंना बाजूच्या काळ्या पट्ट्या खुपल्या. पैसे अख्ख्या स्क्रीनचे दिलेत म्हणाले आणि झूम दाबलं. आता चौकोनी चित्र असं ताणून रुंद टीव्हीभर केलं की वरून-खालून मिळून पाव भाग उडतो, आणि हा वीतभर बाहुला फिरतो कुठे तर जमिनीवर, सोफ्याखाली, बाईच्या घोट्यांपाशी! त्यामुळे अर्धा वेळ नुसती बाई किंचाळत उड्या मारताना दिसली आणि हे खो खो हसतायत, की ही एकटीच का नाचतेय. मी रिमोट मागितला, दिला नाही. जेवताना सगळ्यांसमोर परत तेच, टीव्हीचा माल. त्यांच्याच मुलीने नंतर लॅपटॉपवर नीट बघितला आणि पाय वर घेऊन बसली, पण ते ह्यांच्या हिशोबात येत नाही.

दुसरी तक्रार, मधेमधे स्क्रीन काळी होते म्हणजे प्रिंट खराब. अहो ती जाहिरातीची जागा आहे! प्रेक्षकाने तेवढ्यात चॅनेल बदलू नये म्हणून प्रत्येक ब्रेकच्या आधी काहीतरी अडकवून ठेवायलाच लागायचं, त्यामुळे हे पिक्चर रेंगाळत नाहीत. रक्त फार दाखवता यायचं नाही, बजेट तुटपुंजं, मग अंधार, आवाज आणि चांगला नट यांच्यावर काम काढायचे. मला तरी ते आजच्या रक्ताच्या बादल्यांपेक्षा जास्त चढतं.

सुरुवात 'द नाइट स्टॉकर' पासून करा, १९७२. लास व्हेगासमध्ये पिशाच्च सुटलंय, डॅरेन मॅकगॅविनचा चुरगळलेल्या सुटातला वार्ताहर ओरडून सांगतोय आणि पोलीस-प्रशासनाला प्रकरण दाबायचंय. त्या काळी टीव्ही पिक्चरच्या प्रेक्षकसंख्येचा विक्रम केला होता त्याने. याचं स्क्रिप्ट रिचर्ड मॅथसनचं, 'ड्युएल' त्याचाच आणि तो बाहुलाही त्याचाच. मी नटांपेक्षा लेखकाचं नाव पकडून शोधतो, एकातून दुसरा सापडत जातो. मग 'डोन्ट बी अफ्रेड ऑफ द डार्क' १९७३, 'डार्क नाइट ऑफ द स्केअरक्रो' १९८१. ब्रिटिश हवं असेल तर बीबीसीचा 'द स्टोन टेप', १९७२ च्या ऐन नाताळच्या दिवशी दाखवलेला, भिंतीतल्या दगडांत जुनी घटना रेकॉर्ड होऊन बसलीय अशी कल्पना.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं, यातले बरेच रटाळ आहेत. दहा बघाल तेव्हा दोन-तीन लागतील. ऑनलाइन बऱ्याचदा व्हीसीआरवर टेप केलेल्या कॉप्या मिळतात, रंग उडालेले, सबटायटल नाहीत. काहींच्या चांगल्या साफ केलेल्या ब्लू-रे आल्यात पण महाग पडतात, आणि डिस्कचा रीजन, म्हणजे ती जगाच्या कुठल्या भागासाठी काढलीय तो कोड, आपल्या प्लेअरवर चालतो का ते आधी बघा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्र ४:३ वर, म्हणजे मूळच्या चौकोनी आकारात ठेवा आणि पाहुण्यांच्या हातात रिमोट देऊ नका, मग ते कितीही जवळचे असोत.

'सेलम्स लॉट' मात्र लगेच नको. १९७९ चा, दोन भागांचा, तीन तासांचा आहे, आधी या छोट्यांची सवय होऊ द्या. थेटरसाठी कापलेली दोन तासांच्या आतली आवृत्तीही फिरते, ती घेऊ नका. गोष्ट एका अख्ख्या गावाची आहे आणि त्या कापाकापीत अर्धं गावच गायब होतं.