कलियुगाचा पहिला चरण किती काळ चालणार?

प्रश्न : पूजेच्या संकल्पात गुरुजी 'कलियुगे प्रथमचरणे' असे म्हणतात. कलियुग सुरू होऊन पाच हजार वर्षे उलटली, तरी पहिलाच चरण कसा?

उत्तर : पुराणांच्या गणनेनुसार कलियुग ४,३२,००० वर्षांचे असून त्याचा एक चरण १,०८,००० वर्षांचा भरतो. परंपरेने कलियुगाचा आरंभ इसवी सनपूर्व ३१०२ मध्ये धरला जातो. म्हणजे आजवर जेमतेम ५,१०० वर्षे सरली आहेत. युगाच्या आरंभी त्याच्या एकदशांश इतका संधिकाळ मानण्याचा जो प्रकार मनुस्मृतीत आढळतो, तो लावल्यास आपण अजून कलीच्या पहाटेतच आहोत! मनुस्मृती चारही युगांची बेरीज १२,००० वर्षे सांगते. पुराणे ही वर्षे देवांची मानून ३६० ने गुणतात, आणि त्यातूनच ४३,२०,००० हा महायुगाचा प्रचंड आकडा येतो.

मात्र कृत, त्रेता, द्वापर आणि कली या युगांच्या लांबीचे ४:३:२:१ हे प्रमाण सर्वांनीच स्वीकारले होते असे नाही. आर्यभटाने महायुगाचे १०,८०,००० वर्षांचे चार समान पाद (चरण) केले, आणि तीन पाद व साठ वर्षांची साठ आवर्तने संपली तेव्हा आपण स्वतः २३ वर्षांचे होतो, असे त्याने नमूद केले. कलियुगाच्या आरंभापासून ही ३,६०० वर्षे मोजली की हा काळ इसवी सन ४९९ चा येतो. स्मृतींशी विसंगत म्हणून नंतरच्या काळातील गणिती ब्रह्मगुप्ताने त्याच्यावर टीका केली खरी, पण ग्रहगणितासाठी समान पादच अधिक सोयीचे होते, असे आमचे मत आहे. संकल्पात मात्र पुराणांचीच गणना टिकली.