अर्धं गाव क्रशरवर कामाला, मग अर्ज करायचा कोणी?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यात माझं वावर गिट्टी खदानीला लागून आहे. क्रशर सुरू होऊन वर्ष झालं. पऱ्हाटी धुळीनं पांढरी पडते, कापसाचा भाव पाडला जातो. गावातले बरेच जण तिथंच मजुरीला जातात, म्हणून ग्रामसभेत कोणी तोंड उघडत नाही. एकट्यानं काय करावं? – एक कास्तकार

उत्तर : भाऊ, सारा गाव एक होईल म्हणून थांबू नका. पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाकडे नुकसान झालेला एकटा कास्तकारही जाऊ शकतो. धुऱ्याला धुरा लागून असलेले चार-पाच जण सोबत आले, तर खर्च वाटला जातो आणि दबावही एकावर येत नाही.

मुदत मात्र नीट समजून घ्या. लवादाच्या 2010च्या कायद्यातल्या कलम 14 खालचा अर्ज वादाचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवस मिळतात. तुमचं वर्ष उलटलंय, समोरचा वकील पहिला मुद्दा हाच काढेल. नुकसानभरपाईसाठी कलम 15 आहे, तिथं मुदत पाच वर्षांची. आपल्यासाठी लवादाचं खंडपीठ पुण्याला आहे, पण अर्ज ऑनलाइन करता येतो.

खरी अडचण पुराव्याची. धूळ सगळ्यांना दिसते, पण कागदावर येत नाही. तलाठी आणि कृषी सहायकांकडे पंचनाम्यासाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. फोटोत झाड आणि क्रशर दोन्ही एकत्र दिसू द्या. जिनिंगवर भाव का पाडला, ते पावतीवर लिहून मागा. खदान नव्हती तेव्हाच्या पावत्याही शोधा. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून क्रशरचं संमतीपत्र, म्हणजे अटींसह दिलेली परवानगी, माहिती अधिकारात काढा. पाण्याचे फवारे, वारा अडवणारी भिंत, आवारात पक्का रस्ता, कडेनं झाडं, यातलं काय केलेलं नाही ते त्यावरून दाखवता येईल.

मजुरांशी वैर घेऊ नका. ‘खदान बंद करा’ म्हटलं की त्यांची चूल बंद होते, ते मालकाच्या बाजूनं उभे राहतील. ‘अटी पाळा’ एवढंच मागा. दगडाची ही धूळ आधी त्यांच्याच छातीत जाते, त्यानं होणारा फुफ्फुसाचा आजार, सिलिकोसिस, बरा होत नाही. हे त्यांच्या घरी जाऊन बोला. ग्रामसभेच्या ठरावानं क्रशर थांबत नाही, पण लवादासमोर त्याला वजन असतं.

पंचनामा मात्र सीतादहीच्या, म्हणजे कापूस वेचणी सुरू करतानाच्या पूजेच्या, आधी उरकून घ्या. कापूस वेचून झाला की दाखवायला काही उरत नाही.